थोरल्याची पहिली शाळा : ठाणे, कल्याण, डोंबिवली

घरातले पहिले मूल शिशुवर्गात जाते, तेव्हा त्या घराला शाळेची सगळी रीत पहिल्यांदा शिकावी लागते. धाकट्याच्या वेळेपर्यंत अर्ज कधी निघतात, गणवेश कुठे मिळतो, डब्यात काय दिले तर संपते आणि पहिल्या आठवड्यातले रडणे किती मनावर घ्यायचे, हे सारे आईवडिलांना ठाऊक झालेले असते. थोरल्याच्या वेळी यातले काहीच ठाऊक नसते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या रेल्वेने जोडलेल्या गावांत हा प्रसंग गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुष्कळ बदलला. तो घरच्या देवापुढून शाळेच्या फाटकापाशी आला, आणि मुलाचे वय पाच-सहावरून तिनावर उतरले. बालशिक्षणाचा जो विचार पुढे साऱ्या देशात पोचला, त्यातला मोठा भाग जुन्या ठाणे जिल्ह्यातच घडला. म्हणून या गावांच्या शिशुवर्गांचा इतिहास त्या विचाराला सोडून सांगता येत नाही.

जुन्या काळी मुलाचे शिकणे घरातच सुरू होई. पाचव्या वर्षी, बहुधा दसऱ्याच्या मुहूर्तावर, अक्षरारंभ करीत. ताटात तांदूळ पसरून मुलाचे बोट धरायचे आणि त्याच्याकडून ‘श्री’ काढून घ्यायचा, किंवा पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करायची, असा हा विधी असे. नंतर मुलगा पंतोजींच्या शाळेत जाई. ती शाळा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर नाही तर देवळात भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मग मोडीचे कित्ते काढायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून पावकी, निमकी, पाऊणकी मोठ्याने म्हणायची. न येणाऱ्या मुलाला आणायला पंतोजी थोराड मुलांना पाठवीत आणि ती त्याची उचलबांगडी करून आणीत. घरापासून तुटण्याचे भय त्या मुलालाही होतेच, पण त्याची दखल घ्यावी असे कोणाला वाटत नसे.

ही वाट सर्वांना खुली नव्हती. मुली आणि ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्या जातींची मुले तिच्याबाहेर राहिली. १८६५ साली कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, पण त्यांच्या शिक्षणामागे पती गोपाळराव यांचा हट्ट होता. मुलीने शाळेत जावे अशी रीत त्या काळच्या सुस्थितीतल्या घरांतही नव्हती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. सरकारी आणि नगरपालिकांच्या मराठी शाळा वाढल्या, छापील पुस्तके आली, इयत्ता आल्या. पहिल्या इयत्तेच्या खाली एक वर्ग असे, त्याला लोक ‘बिगरी’ म्हणत. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बिगरी ते मॅट्रिक’ या लेखामुळे तो शब्द आजही वाचकांच्या ओळखीचा आहे. मात्र बिगरी हा खेळायचा वर्ग नव्हता. मोठ्यांच्या शाळेची शिस्त आणि छडी तिथे आणखी लहान मुलांना लागू होई. १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा दिली आणि १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने ती चौकट पक्की केली. दोन्हींचा रोख सहा वर्षांनंतरच्या मुलांवर होता. त्याआधीचे मूल ही घरची जबाबदारी मानली गेली आणि कायद्यातली ही फट पुढे फार काळ बुजली नाही.

लहान मुलाला त्याच्या वयाची वेगळी शाळा असावी, हा विचार युरोपातून आला. फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत खेळातून शिकवण्याची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. मराठी जगात हा विचार आणणाऱ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेत असताना त्यांनी फिलाडेल्फियात किंडरगार्टनच्या पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढल्यावर तिथे ती वापरली. यानंतरचा मोठा टप्पा मारिया माँटेसरी यांचा. १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी बालगृह उघडले. मूल हातांनी शिकते, त्याला त्याच्या मापाच्या वस्तू द्याव्या, घाई करू नये आणि मारू तर मुळीच नये, हे त्यांचे म्हणणे गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी उचलले. १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले.

गिजुभाईंच्या हाताखाली काम केलेल्या ताराबाई मोडक या इतिहासाच्या मध्यभागी आहेत. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९२३ मध्ये भावनगरला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ पुढे मराठीतही निघू लागली आणि पालकांच्या हाती पडली. लहान मुलाला धाक न दाखवता कसे वागवावे, हे मराठी आईवडिलांना सांगणारे असे नियमित लेखन तोवर फारसे नव्हते. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढले आणि बालशिक्षिका घडवणारे अध्यापन मंदिरही चालवले. ‘शिशु’, ‘बालक मंदिर’, ‘विहार’ हे शब्द मराठी शाळांच्या पाट्यांवर रुळले ते याच चळवळीमुळे. कल्याणच्या बालक मंदिर संस्थेचे नाव त्याच परंपरेतले आहे.

दादरच्या शिशुविहारात येणारी मुले मध्यमवर्गीय घरांतली होती आणि ताराबाईंना हे खुपत होते. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते; २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्यात मोडते. १९४५ सालीच अनुताई वाघ सहकारी म्हणून ताराबाईंना येऊन मिळाल्या. माँटेसरीची साधने महाग होती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती, बांबू यांच्यापासून साधने केली गेली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. न्हाऊ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हीदेखील त्या शाळेतली कामे होती आणि ती शिक्षणाइतक्याच मनापासून केली जात.

१९५७ च्या सुमारास काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांत गेले. तिथे ताराबाई-अनुताईंना दिसलेली अडचण थोरल्या मुलाचीच होती. आईबाप मजुरीला किंवा जंगलात जात. सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सांभाळी आणि मुलगा गुरे राखी. घरातले थोरले मूल शाळेत गेले की घरचे काम अडे, म्हणून ते जात नसे आणि धाकट्यांनाही शाळेचा रस्ता कोणी दाखवत नसे. यावर निघालेला उपाय अतिशय समंजस होता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्याला विकासवाडी म्हटले गेले. बहिणीने तान्ह्याला पाळण्यात ठेवावे, मधल्याला बालवाडीत बसवावे आणि आपण वर्गात जावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणातच गेले, ती कुरणशाळा. मुलाने शाळेला जुळवून घ्यावे, ही अट इथे उलटी झाली. मराठी शिक्षणाच्या इतिहासात इतके मूलगामी काम थोडेच सापडेल. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाल्यावर अनुताईंनी हे काम जवळजवळ दोन दशके पुढे नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांना जे नाव मिळाले ते अंगणवाडी.

कोसबाडला हे घडत असताना त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळेच स्थित्यंतर चालले होते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिथे उल्हासनगर वसले. साठच्या दशकात ठाण्याला वागळे इस्टेट आणि डोंबिवलीला औद्योगिक वसाहत उभी राहिली. गिरगाव, दादर, परळच्या खोल्यांत मावेनाशी झालेली मराठी कुटुंबे आधी चाळींत, मग दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायला ठाण्या-डोंबिवलीकडे सरकली. कोकणातून आणि देशावरून नोकरीसाठी आलेली जोडपीही इथेच स्थिरावली. १९८२ मध्ये ठाण्याची आणि १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवलीची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर १८ लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या आसपास होते.

या नव्या घरांत आईवडील आणि मुले एवढीच माणसे होती. वाड्यात किंवा गावच्या घरात चुलत भावंडांच्या मागोमाग मूल शाळेत जाई आणि थोरल्यालाही कोणी तरी थोरले असेच. ब्लॉकमधल्या पहिल्या मुलाला असे कोणी नव्हते. वडील सकाळच्या लोकलने जात ते रात्री परत येत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बँका, टपाल-तार, टेलिफोन, मंत्रालय, विमा कंपन्या यांत नोकरी करणाऱ्या आयाही फलाटावर दिसू लागल्या, आणि डोंबिवलीत गल्लोगल्ली पाळणाघरे निघाली. बहुतेक पाळणाघरे म्हणजे एखाद्या गृहिणीचे स्वतःचे घर. नोकरी करणाऱ्या आईचे मूल अनेकदा आधी पाळणाघरात आणि मग बालवाडीत जाई. दुपारी बालवाडी सुटली की त्याला नेणाऱ्याही पाळणाघरातल्या काकू किंवा मावशीच असत. ज्या घरी गावाहून आजी येऊन राहिली, तिथे ते काम आजीकडे आले. या बायकांच्या कष्टांची नोंद शिक्षणाच्या अहवालांत होत नाही, पण त्यांच्यावाचून या गावांतला शिशुवर्ग चाललाच नसता.

बालवाड्याही तशाच घरगुती रीतीने निघाल्या. माँटेसरीचा किंवा बालवाडीचा अभ्यासक्रम केलेली एखादी बाई तळमजल्यावरच्या खोलीत, सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा देवळाच्या सभामंडपात दहा-वीस मुले घेऊन बसे. दुसरीकडे शिक्षणसंस्थांनी आपल्या माध्यमिक शाळांना प्राथमिक आणि त्याखाली पूर्वप्राथमिक विभाग जोडले. ठाण्यात १९३५ साली स्थापन झालेले विद्या प्रसारक मंडळ, डोंबिवलीत टिळकनगर शिक्षण प्रसारक मंडळ, कल्याणात छत्रपती शिक्षण मंडळ अशा संस्थांच्या शाळांनी मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या शिकवल्या. छोटा शिशु आणि मोठा शिशु अशी दोन वर्षे रूढ झाली. शिशुवर्गात प्रवेश मिळाला की दहावीपर्यंतची चिंता मिटते, असे गणित पक्के झाल्यावर नावाजलेल्या शाळांबाहेर अर्जासाठी पहाटेपासून रांगा लागू लागल्या. काही ठिकाणी लोक रात्रीच येऊन बसत. रांगेत उभे राहणाऱ्यांत बहुसंख्य पालकांचे हे पहिलेच मूल असे.

शाळेचा पहिला दिवस या भागात जूनच्या मध्यावर येतो, म्हणजे पावसाच्या तोंडावर. नवे दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, छातीशी पिनेने अडकवलेला रुमाल, मापाने एक बोट मोठा घेतलेला गणवेश आणि वर रेनकोट, अशा थाटात मूल फाटकापाशी येई. आदल्या दिवसांत कुटुंबाने त्याची तयारी करून घेतलेली असे: शौचाला जायचे झाले तर बाईंना सांग, नाव विचारले तर पूर्ण नाव सांग, डबा संपव. निघताना देवाला आणि घरातल्या मोठ्यांना नमस्कार होई. त्या दिवशी वडीलही अर्धी रजा काढून येत. धाकट्याच्या वेळी ते क्वचितच घडे. फाटक लागले की आत मूल आणि बाहेर आई अशी दोघेही रडत. जाणत्या बालवाडीताई पहिले काही दिवस वर्ग तासाभराचाच ठेवीत, आईला व्हरांड्यात बसू देत आणि रडणाऱ्या मुलाला मणी, ठोकळे किंवा वाळूच्या खड्ड्याकडे नेत. ही समज शिशुविहाराच्या परंपरेतून आलेली होती. जिथे ती नव्हती तिथे मुलाला ओढून घेऊन दार लावले जाई, आणि काही ठिकाणी आजही लावले जाते. तिथे पंतोजींच्या काळची उचलबांगडी सुटलेली नाही.

मग घराचे वेळापत्रक मुलाच्या शाळेवर बेतले जाई. सकाळच्या नळाच्या पाण्याची वेळ, वडिलांची लोकल आणि रिक्षावाल्या काकांचा हॉर्न यांत डबा बसवायचा. रिक्षाकाका हे मुलाच्या आयुष्यातले घराबाहेरचे पहिले विश्वासाचे माणूस. कोणते मूल कोणत्या दारात आणि कोणाच्या हाती सोडायचे, हे त्यांना पाठ असे. बालवाडीने सणही आपल्याकडे घेतले. आषाढीला दिंडी, श्रावणात दहीकाला, नवरात्रात भोंडला आणि दसऱ्याला पाटीपूजन वर्गात होऊ लागले. देवघरापुढचा अक्षरारंभ असा शाळेत आला आणि तिथे सगळ्या जातींच्या मुलामुलींना एका ओळीत पाटी मिळाली. हा बदल कोणी जाहीर केला नाही, तरी तो लहान नव्हता.

ऐंशीच्या दशकानंतर इंग्रजी माध्यमाकडे ओढा वाढला. छोटा शिशु, मोठा शिशु यांच्या जागी ज्युनिअर केजी, सीनिअर केजी आले आणि त्यांच्याखाली नर्सरी, तिच्याखाली प्लेग्रुप. थोरल्याचे माध्यम ठरवणे हा घरातला मोठा वाद होऊन बसला. आजीआजोबा, स्वतः मराठी शाळेत शिकलेले आईवडील, कचेरीतले सहकारी, शेजारी, प्रत्येकाचे मत असे आणि निर्णय तीन वर्षांच्या मुलाचा. मुलाच्याच नव्हे तर आईवडिलांच्याही मुलाखती होऊ लागल्या. ज्या भाषेत मूल झोपते, रडते, हट्ट करते ती बाहेर ठेवून त्याला रंगांची नावे घोकायला लावणे, हे फ्रोबेल, माँटेसरी आणि ताराबाई या तिघांच्याही शिकवणुकीविरुद्ध होते. तरी पाट्यांवर किंडरगार्टन आणि माँटेसरी ही नावे झळकतच राहिली. वर्गात साधनांऐवजी वही आली, दोन रेघांत अक्षरे काढण्याचा गृहपाठ आला. लहान मुलांच्या मुलाखती आणि चाचण्या थांबवण्यासाठी महाराष्ट्राने १९९६ साली पूर्वप्राथमिक प्रवेशांचा स्वतंत्र कायदा केला. पण या वर्गांची मान्यता, शिक्षिकांचे वेतन आणि अभ्यासक्रम यांवर पुरेशी देखरेख कधी उभी राहिली नाही. शिशुवर्गाच्या ताईंना प्राथमिक शिक्षकांच्या मानाने अगदी तुटपुंजे मानधन मिळत आले, आणि हा या साऱ्या व्यवस्थेवरचा सर्वांत मोठा डाग आहे.

रुळांच्या कडेच्या वस्त्यांत, मुंब्रा-कळव्याच्या डोंगरउतारांवर आणि औद्योगिक वसाहतींभोवतीच्या झोपड्यांत थोरल्या मुलाची गोष्ट कोसबाडच्या जवळ जाते. आई घरकामाला जाते आणि मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते. तिथे महापालिकेची बालवाडी किंवा अंगणवाडी हाच पहिला वर्ग. एका खोलीत चाळीस-पन्नास चौरस हातांची जागा, भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता, वजनकाटा आणि खिचडीचे पातेले, असे तिचे रूप असते. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने वस्तीतल्याच तरुणींना शिकवून त्यांच्या घरांत बालवाड्या चालवल्या आणि ती पद्धत पुढे इतरत्र नेली. या घरांत थोरले मूल अनेकदा वाचायला शिकणारे पहिलेच माणूस असते. शाळेतून आलेली सूचना आईवडिलांना तेच वाचून दाखवू लागते.

कायद्याने या वयाकडे उशिरा पाहिले. २००२ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ मध्ये सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन आणि शिक्षण आले, पण राज्याने प्रयत्न करावा एवढ्याच स्वरूपात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटाला हक्क दिला आणि तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था करू शकेल असे म्हटले. खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांची तरतूद मात्र पूर्वप्राथमिक वर्ग असलेल्या शाळांत त्या वर्गांनाही लागू केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. त्यात अंगणवाडी किंवा बालवाटिकेची तीन वर्षे आणि पहिली-दुसरी येतात, आणि शिकणे खेळातून, मातृभाषेतून व्हावे असे सुचवले आहे. बोर्डीच्या प्रयोगानंतर ७५ वर्षांनी धोरण त्याच जागी पोचले.

ते धोरण जाहीर झाले त्या वर्षी शाळा बंद होत्या. मार्च २०२० पासून पूर्वप्राथमिक वर्ग जवळजवळ दोन वर्षे भरले नाहीत. या काळात तीन-चार वर्षांची झालेली मुले आईच्या मोबाइलवर शिशुवर्ग शिकली. घरात एकच फोन असेल तर तोही वडिलांबरोबर कामाला जाई. यातली बरीच मुले थेट पहिलीत किंवा मोठ्या शिशुत पहिल्यांदा फाटकातून आत गेली. २०२२ साली राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले, त्यांत पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांबरोबर आयांचे गटही बसवले गेले.

थोरल्याच्या प्रवेशाचा परिणाम पुढच्या भावंडांवर होतो. अनेक खासगी शाळा भावंडाला प्रवेशात प्राधान्य देतात, शिवाय एका घरची दोन मुले दोन दिशांना पाठवणे नोकरी करणाऱ्या आईवडिलांना झेपत नाही. त्यामुळे पहिल्याच्या वेळी अर्धवट माहितीवर निवडलेली शाळा, माध्यम आणि व्हॅन बहुतेक वेळा दुसऱ्यालाही लागू होते. धाकटे मूल शिशुवर्गात येते तेव्हा त्याचे बोट धरून आत नेणारे कोणी तरी त्याच शाळेच्या वरच्या वर्गात असते.